क कमळाचा

(कोसाड, सुरत येथे मराठीचे शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



आजच्या व्याख्यानासाठी मला ‘राष्ट्रीय फूल : आपली सामायिक ओळख’ हा विषय दिला आहे. असा विषय मिळाला की वक्त्याचे काम सोपे होते, असे आयोजकांना वाटते. कमळ चिखलात उगवते आणि तरी निर्मळ राहते, हे सांगायचे. लक्ष्मी आणि सरस्वती यांचा उल्लेख करायचा, विविधतेतील एकता आणायची आणि खाली बसायचे. वर्गात राष्ट्रीय प्रतीकांचा धडा शिकवताना वर्षानुवर्षे मीही हेच केले. आज मात्र त्या धड्याच्या शिक्षकाकडून झालेली एक चूकही सांगायची आहे, म्हणून थोडे लांबून सुरुवात करतो.

पहिली गोष्ट शिक्षकांना माहीत असावी अशी आहे. कमळ हे भारताचे राष्ट्रीय फूल आहे, असे आपण मुलांना शिकवतो. पाठ्यपुस्तकात ते आहे, सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि सामान्यज्ञानाच्या प्रत्येक पुस्तिकेत आहे. पण २०१९ मध्ये राज्यसभेत या विषयी प्रश्न आला, तेव्हा गृह राज्यमंत्र्यांच्या लेखी उत्तरातून कळले की वाघ आणि मोर यांच्याबद्दल अधिसूचना आहे, फुलाबद्दल अशी अधिसूचना काढलेली नाही. म्हणजे कमळाला हे पद कोणी दिले, कोणत्या तारखेला दिले, याचा कागद नाही. अमेरिकेने १९८६ मध्ये गुलाबाला रीतसर कायदा करून राष्ट्रीय फूल ठरवले. मेक्सिकोने १९६३ मध्ये डेलियाला तो मान दिला. आपल्याकडे नुसते सगळ्यांनी मानले आणि ते झाले.

दुसरी गोष्ट याहून नवलाची आहे. तुमच्या खिशातली कोणतीही नोट किंवा नाणे काढा. त्यावर सारनाथच्या स्तंभशीर्षाचे सिंह आहेत, म्हणजे आपले राजचिन्ह. सारनाथच्या मूळ शिल्पात सिंहांच्या खाली गोल पट्टी आहे, तीवर हत्ती, घोडा, बैल आणि सिंह आहेत, मध्ये चक्रे आहेत आणि या सगळ्याच्या खाली घंटेसारखे उलटे उमललेले कमळ आहे. २६ जानेवारी १९५० रोजी हे चिन्ह स्वीकारताना सिंह घेतले, पट्टी घेतली, चक्र घेतले आणि कमळ वगळले. त्या जागी ‘सत्यमेव जयते’ आले. अशोकाच्या शिल्पकाराने ज्या फुलावर सगळा भार ठेवला होता, ते फूल राजचिन्हात नाही, राजपत्रात नाही आणि तरी देशातल्या कोणत्याही शाळेत, कोणत्याही मुलाला विचारले तर राष्ट्रीय फूल म्हणून ते कमळच सांगेल. (हल्ली वर्गात हा प्रश्न विचारला की काही मुले एकमेकांकडे बघून हसतात, कारण त्यांनी कमळ पहिल्यांदा निवडणुकीच्या भिंतीवर पाहिलेले असते. त्याला इलाज नाही. हातही निवडणुकीचे चिन्ह आहे, म्हणून आपण हात वापरायचे थांबवत नाही.)

मग कागदावर नसलेली ही ओळख टिकून आहे कुठे? माझ्या मते तिचा एक पत्ता बालवाडीच्या भिंतीवर आहे. मराठी मूल अक्षर ओळखायला बसते तेव्हा पहिले व्यंजन येते ‘क कमळाचा’. आणि याच कोसाडमध्ये, शेजारच्या गुजराती वर्गात, त्याच वयाचे मूल त्याच वेळी म्हणत असते ‘कमळनो क’. हिंदीत बहुतेक ठिकाणी कबूतर असते. आपल्या दोन भाषांनी मात्र कमळ धरून ठेवले आहे. पुढे घ ला दोघांकडे घर येते. शब्द तोच, चित्र तेच. फरक आहे तो षष्ठीच्या प्रत्ययात, आणि मराठीने ‘कमळ’चे ‘कमळा-’ केले त्या सामान्यरूपात. सुरतेत मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाने ‘कमळचा रंग’, ‘कमळला पाकळ्या’ अशी वाक्ये तपासली असतील आणि लाल शाईने तो काना घातला असेल. मूल चुकले असे आपण म्हणतो. खरे तर ते भिंतीपलीकडचे व्याकरण भिंतीअलीकडे घेऊन आलेले असते.

या शब्दातला ळ जरा पाहू. संस्कृतात कमल, त्यात ल. मराठीत आणि गुजरातीत कमळ. दोन स्वरांच्या मधला एकटा ल या दोन्ही भाषांत ळ झाला. फल चे फळ झाले, तल चे तळ. पण फूल मात्र फूळ झाले नाही. कारण ते प्राकृतातल्या ‘फुल्ल’ वरून आले. तिथे ल एकटा नव्हता, जोडीने होता, आणि जोडीने होता म्हणून टिकला. म्हणजे ‘कमळाचे फूल’ एवढ्या दोन शब्दांत मराठीचा एक अख्खा ध्वनिनियम बसला आहे, आणि गुजरातीनेही नेमका तोच पाळला आहे. शिवाय दोन्ही भाषांत कमळ नपुंसकलिंगी आहे. हिंदीत नपुंसकलिंग उरलेले नाही, मराठी आणि गुजरातीने ते सांभाळले. गंजामकडून आलेली जी ओडिया कुटुंबे सुरतेच्या मागांवर काम करतात, त्यांच्या भाषेतही ळ आहे. तेव्हा कोसाडच्या आवासात एका जिन्यावर राहणाऱ्या तीन घरांत तीन लिप्या असतील, पण जीभ उलटी वळवून टाळूला लावायची सवय तिन्हीकडे आहे.

आता ती चूक.

नोकरीची पहिली काही वर्षे झाली होती. शाळेचे नाव सांगत नाही, कारण चूक शाळेची नव्हती, माझी होती. पहिलीचा वर्ग. मुले बहुतेक खानदेशची, म्हणजे धुळे, नंदुरबार आणि जळगावकडची. वडील यंत्रमागावर किंवा साडीच्या कारखान्यात, आई घरी साड्यांना टिकल्या लावणारी. फळ्यावर कमळाचे चित्र काढले आणि एका मुलीला उभे केले. ती अगदी ठणठणीत आवाजात म्हणाली, “क कमयना.”

वर्ग हसला. बाकीची मुलेही घरी तसेच बोलत होती, पण ती माझ्याकडे बघून हसली. मी म्हटले, “कमय नाही बेटा, कमळ. म्हण, कमळ.” ती म्हणाली, “कमय.” मी पुन्हा म्हणायला लावले. पाच वेळा, सहा वेळा. तिसऱ्या वेळेनंतर आवाज बारीक झाला आणि शेवटी ती नुसती ओठ हलवू लागली. मी तिला बसवले आणि पुढे ख घेतला. त्या वर्षी तिने वर्गात आपण होऊन हात वर केल्याचे मला आठवत नाही. तेव्हा मला त्याचे काही वाटलेही नाही. शुद्ध बोलायला शिकवणे हे माझे काम होते आणि ते मी केले होते.

अहिराणी ज्यांच्या घरात आहे त्यांना मी काय सांगणार आहे ते आधीच कळले असेल. अहिराणीत ळ चा य होतो. डोळा तो डोया, काळा तो काया, केळे ते केय. हा तिचा नियम आहे आणि ती तो काटेकोर पाळते. ती मुलगी ‘कमय’ म्हणत होती, पण ‘फूल’ ला कधी ‘फूय’ म्हणत नव्हती. म्हणजे आपण आता पाहिला तो ध्वनिनियम, एकट्या ल चा ळ आणि जोडीचा ल तसाच, तो तिच्या जिभेवर पूर्ण होता. त्यावर अहिराणीची एक पायरी आणखी चढलेली होती. आणि ‘कमयना’तला तो ‘ना’! मराठीत चा-ची-चे, गुजरातीत नो-नी-नुं, अहिराणीत ना-नी-नं. सहा वर्षांच्या त्या मुलीच्या एका शब्दात मराठी आणि गुजराती यांच्या मधला सगळा रस्ता होता. सुरत ते भुसावळ तापीच्या काठाने जाणारी आपली गाडी जशी एकेक स्टेशन घेत जाते, तशी भाषाही उधन्यापासून नंदुरबार, अमळनेरपर्यंत थोडी थोडी बदलत जाते. तोडून दाखवता येईल अशी रेघ कुठेच नाही. ग्रियर्सनने भारताच्या भाषांची पाहणी छापली तेव्हा खानदेशीला मराठीच्या खंडात न घालता १९०७ च्या भिल्ली भाषांच्या भागात, गुजरातीच्या अंगाने ठेवले. २०११ च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे, आणि ती मातृभाषा सांगणारे सुमारे १८ लाख आहेत. ग्रियर्सनचे वर्गीकरण सगळ्यांना मान्य नाही, मलाही पूर्ण पटत नाही. पण पंडितांना जिथे ठरवताना अडचण आली, तिथे मी पहिलीच्या वर्गात एका मिनिटात निकाल दिला होता.

आणखी एक गोष्ट मला पुढे फार टोचली. त्याच शाळेत वरच्या वर्गाला मी बहिणाबाई चौधरी शिकवत होतो. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई, जन्म १८८०, मृत्यू १९५१. अक्षरओळख नसलेल्या या बाईची गाणी १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि मराठीने ती डोक्यावर घेतली. बहिणाबाईंची बोली लेवा गणबोली, ती अहिराणीची शेजारीण. तिथेही ळ चा य आहे. पुस्तकात तो य छापलेला आहे. मी तो मोठ्या प्रेमाने, अगदी त्या ढंगात वाचून दाखवत असे आणि ‘बोलीचा गोडवा’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगत असे. दुपारी दुसऱ्या मजल्यावर ज्या य चा गोडवा मी सांगितला, तोच य सकाळी तळमजल्यावर मी मोडून काढला होता. छापलेला य साहित्य आणि तोंडातला य अशुद्ध, हा न्याय मी कुठून शिकलो, ते मलाही सांगता येणार नाही. तो कोणी शिकवत नाही. आपोआप येतो.

ती मुलगी मला बऱ्याच वर्षांनी भेटली. अमरोलीच्या बाजारात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूचा ढीग पुढे घेऊन बसली होती. तिने मला ओळखले. “सर, तुम्ही इकडं?” म्हणत उठून उभी राहिली, पाया पडली. शेजारी मुलगा होता, पाच-सहा वर्षांचा. मी सवयीने विचारले, “कोणत्या शाळेत घातलास?” म्हणाली, “गुजरातीत, सर.” मी म्हटले, “अगं, मराठी शाळा जवळ असताना?” ती थोडा वेळ माळ ओवत राहिली. मग म्हणाली, “तिथं त्याला भाषा नवीन आहे सर. चुकला तर शिकतोय म्हणतात. आपल्या शाळेत चुकला तर येत नाही म्हणतात.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला ते कमय-कमळ आठवत होते की नाही, हेही मला कळले नाही. मी विचारले नाही. तिने पैसे घेतले नाहीत, मी ते फुलांखाली ठेवून आलो.

मराठी शाळांची पटसंख्या का घटते, यावर आपण चर्चासत्रे घेतो. इंग्रजीची ओढ, रोजगार, शासनाचे धोरण ही कारणे खरी आहेत आणि ती मी नाकारत नाही. पण त्या यादीत मी माझे नावही घालतो.

त्यानंतर राष्ट्रीय प्रतीकांचा धडा आला की मी एक गोष्ट करू लागलो. पुस्तक उघडण्याआधी मुलांना सांगायचो, उद्या येताना घरी विचारून या की तुमच्या घरात कमळ कुठे कुठे आहे. पहिल्या वर्षी वाटले, मुले देव्हाऱ्यातली लक्ष्मी सांगतील आणि संपेल. ती तर आलीच. पण एका मुलाने हजेरीपटच मागितला. त्याच्या आजोबांनी त्याला सांगितले होते की नावे वाच. आम्ही मुलांची आणि त्यांच्या पालकांची नावे वाचत गेलो आणि कमळे निघत गेली. पद्मा, पद्माकर, कमलाबाई, नलिनी, सरोज, पंकज, राजीव, अरविंद. आणि पुंडलिक, ज्या नावाचा एकतरी माणूस खानदेशातल्या प्रत्येक गावात सापडेल. पुंडरीक म्हणजे पांढरे कमळ, त्याचाच पुंडलिक. त्याच्या विटेवर अवघा महाराष्ट्र उभा आहे आणि त्याच्या नावात फूल आहे, हे मीही मुलांबरोबरच पहिल्यांदा नीट पाहिले.

बौद्ध घरातल्या एका मुलीने कॅलेंडरवरचे चित्र आणले होते, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचे. हातात कमळ धरून, किंचित मान झुकवून उभा. अजिंठा म्हणजे या मुलांच्या गावांच्या शेजारचा डोंगर. लग्नाला गावी जाताना काही मुले जळगावला उतरून पाहूनही आली होती. एका जैन मित्राने पुढे मला सांगितले की त्यांच्या सहाव्या तीर्थंकरांचे, पद्मप्रभूंचे लांछन लाल कमळ आहे. चांपानेरच्या जामा मशिदीचे छत पाहिले आहे कोणी? नसेल तर सहल तिकडे काढा आणि मुलांना वर बघायला सांगा. सुलतानांच्या काळातल्या गुजराती कारागिराने तिथेही दगडात पाकळ्या उमलवल्या आहेत. कारागीर एकच होते, त्यांचा हात वळत होता तसे फूल आले.

सगळ्यात मजा आली ती एका सिंधी मुलाच्या उत्तराची. मराठी शाळेत तो कसा आला ती वेगळी कथा आहे. तो म्हणाला, “आमच्या घरी कमळाची भाजी असते.” वर्ग अवाक. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने डब्यात कमळकाकडी पाठवली. आडवी कापली की आत भोके भोके, जणू छोटी चाके. तो देठ नसतो, चिखलात आडवा पसरणारा कंद असतो, आणि ती भोके म्हणजे पानांपासून चिखलापर्यंत हवा पोचवण्याच्या नळ्या. आमच्या वर्गाला कमळाचे विज्ञान त्या डब्याने जितके शिकवले तितके पुस्तकाने शिकवले नाही. काश्मीरमध्ये याच भाजीला नदरू म्हणतात. (मखाणे मात्र कमळाचे नसतात. दुकानदार तसे सांगतो, पण ती वेगळ्या पाणवनस्पतीची बी आहे. तसेच आपल्या तळ्यांत फुलते ते पुष्कळदा कमळ नसून कुमुदिनी असते, तिला गुजरातीत पोयणुं म्हणतात. कमळाचे पान पाण्याच्या वर छत्रीसारखे उभे राहते आणि त्यावर थेंब टिकत नाही. कुमुदिनीचे पान पाण्यावर आडवे तरंगते आणि त्याला चीर असते. चित्रकार मित्रांनी एवढे लक्षात ठेवले तर पाठ्यपुस्तकांवर उपकार होतील. बांगलादेशाचे राष्ट्रीय फूल ही दुसरी, पांढरी कुमुदिनी.)

एका वर्षी एक मुलगा म्हणाला, “आमच्या घरी कमळ नाहीच. झेंडू आहे.” तो ज्या पद्धतीने म्हणाला त्यात थोडी शरम होती, जणू घरात राष्ट्रीय काही नाही. त्याला मी सांगितले की झेंडू हे गुजरातचे राज्यफूल आहे, त्याला इथे गलगोटो म्हणतात. आणि तुझे आजोबा जिथून आले त्या महाराष्ट्राचे राज्यफूल ताम्हण. ते जांभळे फूल वैशाखात फुलते, म्हणजे १ मेच्या आसपास. महाराष्ट्रातल्या कितीतरी लोकांना ते ओळखता येत नाही. ते झाड रस्त्याच्या कडेला उभे असते आणि हे फूल कसले, म्हणून विचारले जाते. १ मे १९६० ला एका द्विभाषिक राज्याची दोन राज्ये झाली, आणि सुरतेतला मराठी माणूस त्या दिवशी दोन्हीकडच्या शुभेच्छा घेतो. काही जणांना ते अवघड वाटते, मला तो आपला एक हक्क वाटतो. दसऱ्याला सुरतेत मराठी दारावर झेंडूचे तोरण असते आणि गुजराती शेजाऱ्याच्या स्कूटरला झेंडूचाच हार असतो. तो फाफडा-जिलेबी आणतो, आपण आपट्याची पाने देतो. आणि हा झेंडू आहे कुठला? मेक्सिकोचा. अमेरिका खंडातून जहाजाने आलेला. तिथे तो मृतांच्या सणाला घराघरांत लावतात. इथे आला, रुजला, देवाला चालला, आणि आता कोणी त्याला परका म्हणत नाही. कोकणात तो गोंडा, हिंदीत गेंदा, इथे गलगोटो. बाहेरून येऊन एका पिढीत, दोन पिढ्यांत इथलेच झालेल्यांच्या या गावात त्या फुलाला राज्यफूल म्हणून मान आहे, हे त्या मुलाला सांगताना मला बरे वाटले. त्याने विचारले, “मग राष्ट्रीय कुठलं लिहायचं, सर?” मी म्हटले, “परीक्षेत कमळ.” मुले व्यवहारी असतात, त्यांना तेवढेच हवे असते.

लेखक मित्रांसाठी एक सांगतो. ज्ञानेश्वरीत कमळ जागोजाग आहे, पण दोन ठिकाणे मला पुन्हा पुन्हा आठवतात. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाबद्दल ज्ञानदेव भुंग्याचा दाखला देतात. कठीण लाकूड सहज पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. प्राण गेला तरी त्याला ती पाकळी चिरवत नाही. आणि नवव्या अध्यायात बेडूक आहे. कमळाचा कंद आणि बेडूक एकाच ठिकाणी राहतात, पण पराग नेतो तो दुरून आलेला भ्रमर, आणि शेजाऱ्याच्या वाट्याला चिखल उरतो. हा बेडूक मला अलीकडे आरशात दिसतो. अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या शेजारी मी आयुष्य काढले. त्यांच्या बोलीतला पराग दूरच्या संशोधकांनी नेला, बहिणाबाईंच्या पुस्तकाने नेला. मी वर्गात लाल पेन घेऊन बसलो होतो.

इथे जमलेल्या तरुण शिक्षकांना माझी एक विनंती आहे. प्रमाण मराठी शिकवू नका, असे मी म्हणत नाही. शिकवाच. परीक्षेत, अर्जात, वर्तमानपत्रात ती लागते, आणि ती न येणाऱ्याचे नुकसान होते. पण ‘कमय नाही, कमळ’ यातला ‘नाही’ काढा. फळ्यावर तीन शब्द एकाखाली एक लिहा : कमळाचा, कमळनो, कमयना. मुलांना विचारा, तुमच्या घरी यातले कोणते आहे? काय सारखे, काय वेगळे? ओडिया मूल असेल तर चौथी ओळ त्याची. पंधरा मिनिटांचे काम आहे. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा एक मुलगा घरी जाऊन आजीकडून वीस शब्द घेऊन आला, सगळे ळ चे य. वहीत दोन रकाने पाडून, वर शीर्षक दिले होते : ‘शाळानं’ आणि ‘आजीनं’. ती वही मी मागून घेतली. माझ्याकडे आहे.

आता शेवटी, टेबलावर जी वाटी ठेवली आहे तिच्याबद्दल. त्यात कमळगट्टे आहेत, म्हणजे कमळाच्या बिया. पूजेच्या दुकानात माळेसाठी मिळतात, तिथूनच घेतल्या. वर्गात विचारा, प्रत्यक्ष कमळ किती जणांनी पाहिले आहे. कोसाडमध्ये दोन-तीन हात वर झाले तरी पुष्कळ. म्हणून लावून पाहा. या बीचे कवच इतके घट्ट असते की पाणी आत शिरत नाही. चीनमधल्या एका कोरड्या तळ्यात सापडलेली सुमारे १३०० वर्षांची बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवली आहे. तेव्हा नुसती पाण्यात टाकून वाट बघत बसू नका. बीच्या एका टोकाला, जिथे बारीक खळगा दिसतो तिथे, पॉलिश पेपरने किंवा खडबडीत फरशीवर घासा. आतला पांढुरका भाग दिसला की थांबा, जास्त घासली तर कोंब दुखावतो. मग काचेच्या ग्लासात कोमट पाण्यात ठेवा आणि पाणी रोज बदला. तीन-चार दिवसांत बी फुगते, आठवड्याभरात हिरवा कोंब बाहेर येतो. पान आले की जुन्या टबात किंवा घमेल्यात तळाला काळी माती आणि वर पाणी घालून लावा. उन्हात ठेवा, सावलीत ते फुलणार नाही. पाण्यात गप्पी मासे सोडा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील आणि पालिकेचे आरोग्य कर्मचारी तपासणीला आले की मुख्याध्यापक तुम्हाला बोलावतील. बी पासून फूल यायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागते. तोवर पानांवर मुलांना पाणी ओतू द्या, थेंब कसे पळतात ते बघण्यात एक अख्खा तास जातो.

प्रत्येक शाळेसाठी पाच बिया पुरतील. जाताना घेऊन जा. आणि फूल आले तर कळवा, मी बघायला येईन.